मालवण ते तारकर्ली किनाऱ्यानं चालत: ओहोटी कधी, गाडी कुठं, आणि आईचा गुडघा

प्रश्न | जुनी_वेस

नमस्कार मंडळी. दत्तजयंती झाली की येणाऱ्या शनिवारी, म्हणजे वद्य द्वितीयेला, कोल्हापुरातून मालवणला निघतोय. घरचे सहाजण. आई ६४ वर्षांची, डाव्या गुडघ्याची तक्रार आहे, पण रंकाळ्याची फेरी न थांबता करते. दोन पोरं, ९ आणि १२. मुक्काम तारकर्लीत, शनिवारची एक रात्र.

किनाऱ्यावर नुसतं बसून भेळ खायची नाही. मालवण ते तारकर्ली पाण्याच्या कडेनं चालत जायचं आहे. पुढचं सांगा:

१. अंतर किती, वेळ किती?
२. कुठून कुठे चालायचं? मालवणकडून की तारकर्लीकडून?
३. पौर्णिमा नुकतीच झालेली असणार. मग भरती मोठी असते म्हणतात. जाऊ नये का?
४. गाडी कुठं लावायची? परत आणायला कोण जाणार?
५. पायात काय घालायचं?

---

उत्तर | खारे_मतलई

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच आहेत.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. उधाणाची भरती जास्त वर चढते, हे सगळ्यांना ठाऊक. पण ओहोटीही तेवढीच जास्त खाली जाते, हे घाटावरची मंडळी विसरतात. म्हणजे चालणाऱ्याला उधाणाचे दिवस चांगलेच: रुंद, ओली, कडक वाळू मिळते. फक्त वेळ धरून चालायचं. अष्टमीच्या आगेमागे भांग असते. तेव्हा पाणी फार चढत नाही, पण फार उतरतही नाही, आणि वाळूचा पट्टा दिवसभर अरुंदच राहतो.

वेळ काढायची जुनी रीत अशी की तिथीला पाऊणनं गुणायचं. द्वितीया म्हणजे २ गुणिले पाऊण, दीड. दुपारी दीडला पूर्ण भरती. पण हा हिशोब मुंबई-अलिबागकडचा. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, त्यामुळे मालवणला ती पाऊण ते एक तास आधी येते. म्हणजे साधारण साडेबारा. तिथून सहा तासांवर ओहोटी, संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला. डिसेंबरात सूर्य सहाच्या जरा पुढं बुडतो. सव्वाचारला चालायला लागलात तर पाणी पूर्ण वेळ उतरत असेल आणि उजेडात पोचाल. यापेक्षा सोयीचा शनिवार मागून मिळायचा नाही.

हा अंदाज झाला. निघायच्या आदल्या रात्री भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच, आणि त्यात वेळेबरोबर उंचीचा आकडाही बघा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खाली जात नाहीत.

अंतर: मालवण बंदरापासून तारकर्लीच्या मुख्य किनाऱ्यापर्यंत वाळूवरून सहा किलोमीटरच्या आसपास. बंदर टाळून दक्षिणेकडच्या दांडी किनाऱ्यापासून सुरू केलंत तर पाचच्या आसपास. ओल्या वाळूवर, पोरांच्या शिंपल्या धरून, दोन तास.

दिशा: मालवणकडून दक्षिणेला चाला. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो. दुपारनंतर खारा वारा सुटतो, तो वायव्येकडून. दक्षिणेला जाताना तो पाठीवर येतो. उलटं चाललात तर दोन तास तोंडावर वारा आणि डोळ्यात वाळू. एक तोटा आहे: ऊन सगळं उजव्या गालावर आणि उजव्या कानावर येतं. टोपीपेक्षा रुंद काठाची हॅट बरी.

गाडी शेवटाला ठेवायची, सुरुवातीला नाही. तारकर्लीत मुक्कामाच्या ठिकाणी गाडी लावा, रिक्षा करून मालवणला या आणि चालत गाडीकडेच जा. मग कुणी दमलं काय, अंधार पडला काय, मागं जायचा प्रश्नच येत नाही. रिक्षाचं भाडं निघण्याआधी ठरवा. मालवण-देवबाग एसटीही तारकर्लीवरूनच जाते, पण तिच्या वेळेवर ओहोटी थांबत नाही.

---

उत्तर | गगनगिरी_४१६

भावा, आई रंकाळ्याची फेरी करतात म्हणून पाच किलोमीटर वाळू होईलच असं धरू नको. रंकाळ्याचा पदपथ सपाट आणि टणक आहे. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय प्रत्येक पावलाला मागं सरकतो, पोटऱ्या भरून येतात, जवळजवळ दुप्पट दम लागतो. ओल्या वाळूवर तसं होत नाही, पण तिथं दुसरी अडचण आहे: उतार.

किनारा समुद्राकडं कललेला असतो. दक्षिणेला चालताना उजवा पाय कायम खाली आणि डावा कायम वर. वरच्या पायाचा गुडघा प्रत्येक पावलाला जास्त वाकतो. आईंचा दुखरा गुडघा नेमका डावाच. अर्धा तास काही कळत नाही, मग एकदम कळतं.

त्यावर उपाय:
दर दहा-पंधरा मिनिटांनी ओळ बदला. पाणी उतरलं की अगदी खालचा पट्टा जवळपास सपाट असतो, तिथून चाला. लाट मागं गेल्यावर वाळू जिथं चकाकते आणि पाऊल दोन-तीन मिलिमीटरच रुततं, ती ओळ बरोबर. टाच अर्धी आत गेली तर तुम्ही फार वर किंवा फार खाली आहात. मधेच पन्नास-शंभर पावलं उलट दिशेनं चालली तरी गुडघ्याला आराम पडतो. आणि एक काठी, ती डाव्या नाही, उजव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला. काठीचं टोक वाळूत घुसतं म्हणून खाली रुंद रबरी बूच लावा.

मला विचाराल तर आईंसाठी चिवला. मालवण गावाच्या उत्तरेला, वळणदार खाडीसारखा शांत किनारा, लाट कमी. हवं तेवढं चालायचं, मागं फिरायचं, रस्ता हाकेवर. पण डिसेंबरात तिथं सागरी जलतरण स्पर्धा असते. ते दिवस आले तर गर्दी आणि खोल्यांचे भाव दोन्ही बघून ठेवा.

---

जुनी_वेस

काठीची हाताची बाजू आम्ही उलटीच धरत होतो. धन्यवाद.

चिवला रविवारसाठी ठेवतो. पण शनिवारी आईला मधेच थांबायचं असेल तर बाहेर पडायला वाटा आहेत का? आणि दांडीसमोरच्या पद्मगड या छोट्या किल्ल्यावर चालत जाता येतं असं पोरांनी व्हिडिओत बघितलंय. ते आता त्याच्यामागं लागलेत.

---

उत्तर | रापणवाडी

मालवणचाच आहे. दोन्ही गोष्टी सांगतो.

वाटा: किनाऱ्याला समांतर मालवण-तारकर्ली-देवबाग रस्ता आहे, मधे माडाच्या बागा आणि घरं. वाळूवरून रस्त्याला जायच्या पायवाटा ठिकठिकाणी आहेत, पण प्रत्येक बाग ओलांडायची नसते. गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, दिसला की ती खासगी जागा. चालायला सुरू करण्यापूर्वी नकाशावर तीन-चार वाटा खुणा करून ठेवा. मुक्कामाच्या ठिकाणाची खूण तर वाळूवर उभं राहूनच करा. रस्त्यावरून केलेली खूण उपयोगाची नाही, कारण समुद्राकडून बघितलं की सगळे माड आणि सगळी सुरूची झाडं एकसारखी दिसतात. संध्याकाळी लोक आपली खोली मागं टाकून अर्धा किलोमीटर पुढं जातात ते असंच.

सुरुवात दांडेश्वर मंदिराकडून करा. रिक्षावाल्याला तेवढंच सांगा. त्याच भागात किनाऱ्याला लागून मोरयाचा धोंडा आहे. १६६४ साली सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा शिवाजी महाराजांनी तिथं केली. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. पाच मिनिटांचं काम, पण ते सोडून पुढं जाऊ नका.

दांडीला होड्या, जाळी आणि रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर असतात. रापण ओढत असतील तर दोर ओलांडून जायचं नाही. दोर सैल दिसतो, लाटेबरोबर एकदम ताणतो आणि पोटरीला फटका बसतो. माणसं ओढतायत त्यांच्या मागून, वरच्या बाजूनं जा. पोरांना ओढायला हात लावायचा असेल तर विचारा, कुणी नको म्हणत नाही.

आता पद्मगड. उधाणाच्या ओहोटीला मधला वाळूचा पट्टा उघडा पडतो, कधी घोट्याएवढं पाणी राहतं. शनिवारी संध्याकाळी ओहोटी सूर्यास्तानंतर पुरी होते, त्यामुळे शनिवारी हा विषय नको. रविवारी सकाळी ओहोटी सव्वासातच्या आसपास. सातला उतरा, सव्वाआठला अलीकडं परत. त्याच्या पुढं नाही.

का ते पोरांना बारावा भाग समजावून सांगा. ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी सारख्या वेगानं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. आमच्याकडं उधाणात चढउतार दोन मीटरच्या घरात. म्हणजे पहिल्या तासात वीतभरही पाणी वाढत नाही. माणूस म्हणतो, काय नाय, बसूया अजून. दुसऱ्या तासात फूटभर. आणि तिसऱ्या एका तासात अर्धा मीटर, म्हणजे आधीच्या दोन तासांत मिळून वाढलं तेवढं. वाळूच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी पाणी भिडतं आणि मधे ओढ तयार होते. मोठ्या माणसाच्या मांडीएवढं पाणी नऊ वर्षांच्या पोराच्या कमरेच्या वर जातं, हे लक्षात ठेवा.

उतरण्यापूर्वी दांडीवर कुणाही मच्छीमाराला विचारा. तो नको म्हणाला तर नको. आईंना तिकडं नेऊ नका, खडकांवर शेवाळ आणि कालवं आहेत. कालवाची कड ब्लेडसारखी कापते.

---

उत्तर | पायताण_गल्ली

पाचवा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून.

कोल्हापुरी घरी ठेवा. प्रेमापोटी सांगतोय. कातड्याचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. खाऱ्या पाण्यानं कातडं फुगतं, वाळताना मीठ आत बसतं, मग तळ कडक होऊन कडांना वर वळतो आणि वादी तुटते. एका संध्याकाळीत दोन वर्षांची चप्पल जाते.

बूटही नकोत. एकदा आत वाळू आणि पाणी गेलं की मोजा सॅंडपेपर होतो. मागं पट्टा असलेले फ्लोटर्स सगळ्यात बरे. तळ मऊ नको, खडकावर कालवं टोचतात. अंगठ्याची स्लीपर ओल्या वाळूत चिकटून मागं राहते आणि माणूस तोंडावर पडतो. अनवाणी चालायचं तर फक्त मोकळ्या वाळूवर. दांडीच्या भागात गळ, जाळ्याचे तुकडे, बाटलीच्या काचा असू शकतात, तिथं पादत्राण काढू नका.

फोड कुठं येतो? पट्टा आणि कातडी यांच्या मधे वाळू अडकली की तिथं. अर्ध्या तासानं पट्टे सोडून पाय पाण्यात धुवायचे, बस. आईंच्या टाचेला भेगा असतील तर आधी खोबरेल चोळून वर सुती मोजा. मीठ भेगेत गेलं की झोंबतं.

काळे चिकट गोळे तळव्याला लागले तर ते डांबराचे. समुद्रातल्या तेलाचे असतात, मे-जूनमध्ये जास्त येतात, डिसेंबरात क्वचित. साबणानं जात नाहीत. खोबरेल तेल चोळा, पाच मिनिटं थांबा, कापडानं पुसा. रॉकेल लावू नका, पोरांच्या कातडीला त्रास होतो.

---

उत्तर | खारे_मतलई

पाण्याचं राहिलं. कोल्हापूरच्या हवेत घाम येतो आणि सुकतो. तिथं सुकत नाही, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. दोन तासांना माणशी एक लिटर घ्या. वाटेत टपऱ्या मिळतील या भरवशावर जाऊ नका, तारकर्ली जवळ येईपर्यंत मधला पट्टा बऱ्यापैकी मोकळा आहे. आईंसाठी एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, सपाट चमचे, वर लिंबू. कोकम सरबत चालेल, पण त्यात मीठ आहे ना ते बघा. बाजारच्या बाटलीत बहुतेक साखरच असते.

पाण्यात उतरणं: घोट्यापर्यंत बिनधास्त, गुडघ्यापर्यंत लक्ष ठेवून, त्याच्या पुढं नाही. लाटा फुटत असलेल्या रांगेत मधेच एक पट्टा शांत, गढूळ किंवा गडद दिसला तर तीच आत खेचणारी ओढ. पोरांना शांत पाणी बघून नेमकं तिथंच उतरावंसं वाटतं. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत न्या. पाकट, शेपटीत काटा असलेली चपटी मासळी, वाळूत दबून बसलेली असते, पाय घासत आला की ती आधीच सरकते.

तारकर्ली जवळ आली की पॅराशूट आणि जेट स्कीवाले सुरू होतात. त्यांच्या दोरांपासून आणि बोट वाळूवर चढवतात त्या जागेपासून लांब, वरच्या अंगानं जा.

देवबागच्या संगमापर्यंत पुढं जायचा मोह होईल. आणखी चार-पाच किलोमीटर आहे. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली जमिनीची पट्टी तिकडं अरुंद होत जाते, किनाऱ्याची धूप झालेली आहे आणि काही ठिकाणी दगडांचे बंधारे आहेत. भरतीला पाणी थेट दगडांना लागतं, मग वाळू राहत नाही आणि दगडांवरून किंवा रस्त्यानं जावं लागतं. आईंबरोबर नको. संगमावर पोहायला तर कुणीच नको. नदीचं पाणी आणि ओहोटी एका दिशेला ओढतात.

---

उत्तर | गगनगिरी_४१६

रस्त्याचं दोन ओळीत. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. दीडशे ते एकशे साठ किलोमीटर, साडेचार-पाच तास धरा. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. परिते-भोगावतीच्या पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागं दिवा असेलच असं नाही. पहाटे अंधारात त्यांच्या मागं घुसण्यापेक्षा सहाला निघा. घाटात पोरांना मागच्या सीटवर मोबाईल देऊ नका, उलटीचं निम्मं कारण तेच.

सिंधुदुर्ग किल्ला शनिवारीच उरकायचा विचार असेल तर सोडा. पाच तास गाडी, मग किल्ल्यात दोन तास ऊन, आणि वर पाच किलोमीटर वाळू. गुडघा तिथंच बोलेल. किल्ला रविवारी.

---

जुनी_वेस

असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा.

शनिवारी सहाला निघायचं, अकरा-साडेअकराला तारकर्ली, गाडी तिथंच. जेवण, आईला दोन तास झोप. साडेतीनला रिक्षा, चारला दांडेश्वर. मोरयाचा धोंडा बघून सव्वाचारला चालायला सुरुवात. निम्म्यावर, म्हणजे तासाभरानं, आईला विचारायचं. नको म्हणाली तर जवळच्या पायवाटेनं रस्त्यावर, रिक्षा तिथं बोलावायची. त्यासाठी येताना जो रिक्षावाला असेल त्याचा नंबर घेऊन ठेवतो. सहा-सव्वासहाला तारकर्ली.

रविवारी पोरं आणि मी सातला पद्मगड, आठला परत. मग किल्ला, आणि आई चिवल्यावर बहिणीबरोबर.

पोरांना प्रवाळाचे तुकडे गोळा करायचे आहेत. चालतं का?

---

उत्तर | रापणवाडी

प्रवाळ उचलायचा नाही, मेलेला पांढरा तुकडासुद्धा. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि इथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिंपले बघा, फोटो काढा आणि तिथंच ठेवा. त्या रिकाम्या शंखात पुष्कळदा साधूखेकडा राहत असतो. बंद मुठीत दोन मिनिटं धरलात की तो पाय बाहेर काढतो आणि पोरं किंचाळतात.

वाळूवर कुठं जाळीचं छोटं कुंपण आणि आत काठ्यांवर तारखा लिहिलेल्या दिसल्या तर ती कासवाची अंडी. ऑलिव्ह रिडले हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर येतात. कुंपणाजवळ अंधारात टॉर्च मारू नका.

तुमच्या बेतात एकच बदल. रविवारी किल्ला आधी नको. पद्मगडावरून आलात की पोरांचे कपडे ओले असणार आणि होडीवर वारा लागतो. नाश्ता, कोरडे कपडे, मग नऊनंतर बंदरावर जा.

---

उत्तर | खारे_मतलई

आणि निघायला उशीर झाला तर वेळ पुढं ढकलत बसू नका. पाचच्या पुढं गेलं तर दांडीऐवजी पुढं तारकर्लीच्या वाटेवरच्या वायरी गावात उतरून तिथून चाला, अंतर कमी होईल. पाणी उतरतच असेल, त्याची चिंता नाही. उजेड मात्र सव्वासहानंतर झपाट्यानं जातो, आणि खडक, दोर, काचा यातलं काहीच मग दिसत नाही. कपाळावर बांधायची बॅटरी एक तरी असू द्या.

---

जुनी_वेस

बॅटरी घेतली. काठीला रबरी बूच लक्ष्मीपुरीत मिळालं.